अंगठी घरात द्यायची नाही

आरित्सेता, १४ ऑक्टोबर १९८४

माचालेन,

ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा माझा स्वभाव नाही. आई आता फार दिवसांची सोबती नाही आणि तिला तू हवी आहेस. सप्टेंबरच्या शेवटी गोठ्यात पडली, तेव्हापासून खाटेवर आहे. डावा हात उचलत नाही. जीभ मात्र शाबूत आहे. काल शेजारच्या बित्तोरीने काळ्या घेवड्याचं कढण आणलं, तर एक घोट घेऊन म्हणाली, "यातून घेवडा नुसता चालत गेलेला दिसतोय, बसला नाही."

तुझा पत्ता बित्तोरीच्या भाचीने आणला. तिने म्हणे तुला तिकडे फ्रान्समध्ये, बोर्दोच्या बाजारात मासे घेताना पाहिलं. बरी दिसत होतीस, म्हणाली. आम्हाला मात्र तू बरी की वाईट, हे परक्यांकडून कळतं. बाबांच्या मातीला आली होतीस त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हाही कबरीच्या पलीकडे उभी राहिलीस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परतीची गाडी पकडलीस. लोक मला विचारत होते, ही कोण पाहुणी.

लहानपणीचा राग किती वर्षं धरायचा गं? छड्या सगळ्यांनीच खाल्ल्या. मीही खाल्ल्या. बोर्दो काही चंद्रावर नाही. सकाळी निघालीस तर दुपारी एन्दायाला उतरशील. मी सीमेवर घ्यायला येते.

आई दिवसातून तीन-चार वेळा दाराकडे बघते. मी समोर बसलेली असले तरी बघते. ये.

होशेपा

आरित्सेता, २८ ऑक्टोबर

माचालेन,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीस. "तू काय केलंस ते आईला सांग. तुझ्या तोंडाने, तिच्यासमोर. मग येते." बस्स. आई जेवते का, झोपते का, दुखतं का कुठे, एक शब्द नाही. सव्वीस वर्षं मी या गावात शिक्षिका आहे, लोकांच्या पोरांना कान धरून उभं करते. आता तू मला उभं करणार?

मी काय केलं? तुझ्या डोक्यात काय आहे मला ठाऊक नाही, म्हणून माझ्या बाजूने सांगते. दोन्या बिसिता बाईंच्या शाळेत फक्त स्पॅनिश, आपलं घरचं बास्क बोलायला बंदी होती. बास्कचा एक शब्द तोंडातून निसटला की हातात पितळेची अंगठी पडायची. जिच्याकडे अंगठी, तिने दुसऱ्या कुणाला बास्क बोलताना पकडायचं आणि ती तिच्या गळ्यात मारायची. शनिवारी दुपारी जिच्याकडे सापडेल तिच्या बोटांच्या शेंड्यांवर पट्टी. हे मी शोधून काढलं नव्हतं. बाई मध्य स्पेनमधल्या वायादोलिदहून आल्या होत्या आणि त्यांना वरून तसं सांगितलेलं होतं.

एक्कावन्न सालच्या त्या गुरुवारी अंगठी माझ्याकडे आली. शुक्रवारी तू बास्क बोललीस, मी ऐकलं, तुला दिली. शनिवारी इन्स्पेक्टर आले. तोलोसाला ननच्या शाळेत गावातल्या एका मुलीसाठी जागा होती. आपल्या दोघींनाच तिन्ही क्रियापदं चुकल्याशिवाय येत होती. तू अंगठीसह सापडलीस म्हणून बाहेर व्हरांड्यात उभी राहिलीस, आणि मी आत म्हणून दाखवली. हाच तो माझा गुन्हा.

आमार, तेमेर, पार्तीर. प्रेम करणं, भिणं, निघून जाणं. स्पॅनिशमधली सगळी सरळ क्रियापदं या तिन्हींच्या मापाने कापायची. गवताचा भारा उतरवताना आपण ती म्हणायचो, आठवतं? तू पुढे, मी मागे. तू म्हणायचीस आमो, मी आमास, तू आमा, मी आमामोस. अर्थ कुणाला माहीत होता? मला तर तेमोचा अर्थ "मी भिते" हे तोलोसाला गेल्यावर कळलं. तू जास्त भरभर म्हणायचीस, हे मी नाकारत नाही. पण भरभर म्हणणारीलाच नशीब मिळतं असं कुठे लिहिलंय?

आणि आजारी बाईला असलं काही सांगायचं? ती शहाऐंशी वर्षांची आहे. तिला धक्का बसला तर तू येणार आहेस खांदा द्यायला? तू आधी ये. मग समोरासमोर बोलू.

होशेपा

आरित्सेता, ११ नोव्हेंबर

माचालेन,

सांगितलं. काल दुपारी, बित्तोरी घरी गेल्यावर, आईच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. एक गोष्ट गाळली नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही.

तुझी अट पुरी झाली. आता कुठली गाडी ते कळव. तिचं जेवण आता वाटीभर दुधावर आलंय.

होशेपा

आरित्सेता, २५ नोव्हेंबर

माचालेन,

"आई काय म्हणाली? तिचे शब्द लिही."

तू लहानपणापासून अशीच. बोट नेमकं ठेवायचं.

तीन दिवस मी आईचे शब्द बनवत बसले. चार कागद फाडले. "पोरीवर अन्याय झाला," "मला माफ कर म्हणावं," असलं काहीबाही लिहिलं. वाचून पाहिलं तर रविवारच्या प्रवचनातली बाई वाटत होती. आईसारखं बोलणं बनवता येत नाही, ते तिलाच जमतं. म्हणून खरं लिहिते.

मी तिला सगळं सांगितलं, पण स्पॅनिशमध्ये सांगितलं.

तिला स्पॅनिश किती येतं, तुला माहीत आहे. "शुभ दिवस", "नाही" आणि गाईच्या बाजारातले आकडे. मी पंधरा मिनिटं बोलत होते. आणि संपल्यावर ती म्हणाली, "झाला पाठ? आता गाईकडे बघ." तिला वाटलं मी उद्याचा धडा म्हणून बघतेय. शाळेत लागले तेव्हा तशीच म्हणायचे ना तिच्यासमोर, ती शेंगा सोलत असायची.

लबाडी आहे, मला मान्य. पण नुसती लबाडी नाही. बास्कमध्ये मला चूल, शेण, पाऊस आणि शिव्या एवढंच येतं. "मी बहिणीचा घात केला" हे वाक्य माझ्याकडे बास्कमध्ये नाहीच. जे काही जड शिकले ते सगळं ननकडे, स्पॅनिशमध्ये. आता काळ फिरलाय. शाळेत बास्क आलं, आणि आम्हा जुन्या शिक्षिकांना आठवड्यातून तीनदा बास्क लिहायला शिकावं लागतं. दोनोस्तिया शहरातून आलेली तेवीस वर्षांची पोरगी माझ्या आईच्या भाषेवर लाल पेन्सिल फिरवते. "होशेपा, इथे चुकलात हं." मी मान खाली घालते. तुला हे वाचून बरं वाटत असेल. वाटू दे.

तर मी आईला काय सांगितलं, ते तुलाही सांगते. म्हणजे निदान एका माणसाला तरी कळणाऱ्या भाषेत सांगितल्यासारखं होईल.

त्या शुक्रवारी तू शाळेत बास्क बोलली नव्हतीस. रस्त्यावरही नाही. दिवसभर मी तुझ्या मागे होते, तू तोंड शिवून घेतलं होतंस. आपण घरी आलो. आईने चुलीपाशी विचारलं, "माचालेन, चेस्टनट भाजायला टाकू का गं?" आणि तू म्हणालीस, "टाक ना आई." एवढंच. आईला दुसऱ्या कुठल्या भाषेत उत्तर देणार होतीस? आणि मी खिशातून अंगठी काढून तुझ्या हातात ठेवली.

अंगठी घरात द्यायची नाही, हे सगळ्या पोरींमध्ये ठरलेलं होतं. बाईंनी नव्हतं ठरवलं, आपणच ठरवलं होतं, कारण कुणाच्याच आईला स्पॅनिश येत नव्हतं. चहाडखोर पिलारसुद्धा घरात द्यायची नाही. तू आधी हसलीस. तुला वाटलं मी गंमत करतेय. मग माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि हसायची थांबलीस. आई पलीकडे चेस्टनटला चिरा पाडत होती.

याच्या पुढचं तुला जास्त लागलं असेल. सोमवारी दोन्या बिसिता चढण चढून आपल्या घरी आल्या. आईला स्पॅनिश येईना, त्यांना बास्क, म्हणून मी मध्ये उभी. बाई म्हणाल्या, "शनिवारी मी रागाच्या भरात वागले. घरात पकडलेलं मी धरायला नको होतं. खरी हुशार धाकटी आहे. तुमच्या आईने हो म्हटलं तर मी आजच इन्स्पेक्टरना लिहून नाव बदलून घेते."

आणि मी आईला सांगितलं, "बाई म्हणतात, धाकटी ढ आहे आणि उद्धट आहे. तिच्यामागे वेळ घालवू नका, कुठेतरी कामाला लावा."

आईने मान हलवली. मी बाईंना म्हटलं, "आई म्हणते, झालंय ते राहू द्या."

तू भिंतीला टेकून उभी होतीस. दोन्ही बाजूंचं तुला कळत होतं. बोटं सुजलेली, आणि समोर बाई. आईला खरं सांगायचं तर बास्कमध्ये सांगावं लागणार, म्हणजे पुन्हा पट्टी. तू गप्प राहिलीस. बाई गेल्यावर तू आईला सगळं सांगितलंस, आणि आईने तुझ्या थोबाडीत मारली. "बहिणीवर आळ घेतेस?" पुढच्याच महिन्यात तू दोनोस्तियाला त्या नोटरीच्या घरी धुणीभांडी करायला गेलीस. अकरा वर्षांची होतीस.

का केलं विचारशील. मला भीती वाटली की तू गेलीस तर मी इथे शेण काढत मरेन. माणूस एवढ्या साध्या कारणाने असं करतं, यावर आज माझा मलाच विश्वास बसत नाही. पण तेवढंच कारण होतं.

आईला तिच्या भाषेत सांगायचं राहिलंय. सांगेन.

होशेपा

आरित्सेता, २ डिसेंबर

माचालेन,

आज प्रार्थनेहून आल्यावर सांगितलं. बास्कमध्ये. शब्द सुचत नव्हते म्हणून शेणामातीचेच वापरले. जसं झालं तसं लिहिते, आता माझ्यात बनवायची ताकद नाही.

मी म्हटलं, "आई, माचालेन ढ नव्हती."

"हे तुला आज कळलं?"

"दोन्या बिसिता त्या दिवशी तिची स्तुती करत होत्या. मी तुला उलटं सांगितलं."

"ठाऊक आहे."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ती वैतागली.

"अगं, ऐकलं. एकदा सांगितलेलं कळतं मला. ती बाई बोलताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. ढ पोरीच्या डोक्यावरून कुणी हात फिरवतं? आणि पोर ढ आहे हे सांगायला ती चकचकीत पेटन्टचे बूट घालून एवढा चिखल तुडवत आली होती होय? तिला धाकटी न्यायची होती. तू सांगताना माझ्याकडे नाही, चुलीकडे बघत होतीस. भाषा येत नव्हती मला, डोळे होते."

"आणि अंगठी?"

"तीही बघितली. चेस्टनट चिरताना काय डोळे मिटून चिरतात?"

मी म्हटलं, "मग तिला मारलंस कशाला? खरं सांगत होती ती!"

"तिचं खरं मानलं असतं तर तिला पाठवावं लागलं असतं."

"मग पाठवायचंस!"

"आणि तुझं काय केलं असतं?" ती म्हणाली. "ती कामाला वाघीण, तोंडाची गोड. कुठल्याही घरात गेली असती तरी लोकांनी जीव लावला असता. तुला त्या तोंडासकट आठ दिवस कुणी ठेवून घेतलं नसतं. लग्नाचं तर बोलूच नको. जिला कुणी ठेवून घेणार नाही, तिला शिकवावं लागतं."

हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग पाणी मागितलं. मी पाजलं.

तेहेतीस वर्षं मी समजत होते की मी आईला फसवून ती जागा चोरली. चोरीची का होईना, माझ्या अकलेची होती. आता कळतंय की ती मला कीव म्हणून मिळाली. आणि तू माझा तिरस्कार करत राहिलीस, आईने तो करू दिला. मी रविवारी-रविवारी तोलोसाहून यायचे, तुझी रिकामी खाट बघायचे, घास उतरायचा नाही. ते तिला दिसत होतं. तिला सगळंच दिसत होतं. एकदाही म्हणाली नाही की पोरी, यात मीही आहे.

पाणी प्यायल्यावर ती म्हणाली, "हे तिला लिहू नकोस."

"का?"

"तुझ्यावरचा राग घेऊन ती येईल, भांडायला का होईना. माझ्यावर राग धरला तर कुणासाठी येईल? लिही, आईला काही माहीत नव्हतं. आई ऐकून ढसाढसा रडली. तुझी क्षमा मागतेय म्हणावं. मग येईल ती." माझं मनगट धरलं तिने, चांगल्या हाताने. "मला तिला एकदा बघायचंय, होशेपा. मग तुम्ही दोघी एकमेकींची डोकी फोडा."

मी हो म्हटलं.

हो म्हटलं, आणि हे लिहितेय. तिने सांगितलेलं पत्रही लिहून पाहिलं होतं. आठ ओळींचं, छान झालं होतं. ते चुलीत टाकलं. माझ्याच्याने आणखी वाहवत नाही, माचालेन. तू ज्या गोष्टीसाठी माझा तिरस्कार करतेस तिच्यातला माझा वाटा मी घेते, पूर्ण घेते. पण दुसरा वाटाही मीच घेऊन मरू, एवढी मी चांगली नाही. ते तुला लहानपणापासून माहीतच आहे.

तरीही ये. माझ्यासाठी नको. ती तुझ्याशी वाईट वागली आणि तिला तू हवी आहेस, दोन्ही खरं आहे.

होशेपा

आरित्सेता, २३ डिसेंबर

माचालेन,

आई बुधवारी गेली. सकाळी, दूध प्यायला नको म्हणाली आणि तासाभरात गेली. शुक्रवारी माती दिली. मी तार केली होती, ती तुला मिळाली असणार.

आल्या-गेल्याचं सगळं बित्तोरीने बघितलं. रीतीप्रमाणे घरातलं मरण मधमाश्यांना कळवायला पहिली शेजारीण म्हणून तीच जाणार होती, पण मी म्हटलं, मी जाते. घराच्या मागे जाऊन एकेका पोळ्याच्या पेटीवर टकटक केलं आणि सांगितलं, घरची बाई गेली, तिच्या दिव्याला मेण लागेल, जास्त करा. बित्तोरी कुंपणाशी उभी होती. म्हणाली, "अगं, त्यांना असं ओरडून काय सांगतेस, तुझ्या वर्गात आहेत का त्या?" मग मला धरून घरात घेऊन आली.

आता शेवटच्या दिवसांचं सांगते, कारण तू विचारणार नाहीस.

ती रोज विचारायची, "पत्र टाकलंस ना?" मी म्हणायचे, टाकलं. "मी सांगितलं तसंच लिहिलंस ना?" तसंच लिहिलं म्हणायचे. मग ती बोटांवर दिवस मोजायची. बोर्दोला जायला चार, तुला वाचून रडायला एक, कामावरून रजा मिळवायला दोन, आणि गाडी. दहाव्या दिवसापासून तिने बित्तोरीकडून रोज केस विंचरून घ्यायला सुरुवात केली. मी दोनदा एन्दायाला जाऊन दुपारच्या गाडीशी उभी राहिले. तू यायची नाहीस हे माहीत असून गेले, कारण घरी बसून तिचं विंचरणं बघवत नव्हतं.

मंगळवारी ती म्हणाली, "ती का येत नाही गं?"

मी म्हटलं, "फ्रान्समध्ये रेल्वेचा संप आहे."

"अजून?"

"अजून."

मग म्हणाली, "संप मिटला की तिला पुढची खोली दे. मागची ओल धरते. आणि तिच्याशी जरा नीट बोल." एवढं बोलून भिंतीकडे तोंड केलं.

तिने विश्वास ठेवला की नाही, मला सांगता येणार नाही. मी तोंड चुलीकडे फिरवलं नव्हतं, एवढी काळजी घेतली होती.

ते आठ ओळींचं पत्र पाठवलं असतं तर तू आली असतीस. दुसरं, खरं पत्र टपालपेटीत टाकताना मला हे कळत होतं, आणि मी टाकलं.

होशेपा